एकराला चार ग्रॅम!

गव्हावर फवारा मारून पोळीत सेलेनियम आणता येतं. पण पंपात ते मोजून घालणार कोण? बारामती-इंदापूरच्या रानात फिरून आणलेली ही खबर.

घरी डॅन्ड्रफचा शॅम्पू असेल तर बाटली जरा उलटी करून बघा. काही ब्रँड्सवर बारीक अक्षरात ‘सेलेनियम सल्फाइड’ असं छापलेलं सापडेल. जिमच्या बॅगेतल्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरही झिंकच्या शेजारी बहुतेक हेच नाव असतं. तिसरी जागा तुमच्या टिफिनमध्ये आहे. पोळीतही सेलेनियम असतं, किंवा नसतं. पोळीला लेबल नसतं, एवढाच फरक.

स्वीडनच्या बर्झेलियसनं १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधलं आणि ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून, सेलेनेवरून, त्याचं नाव ठेवलं. नाव एवढं रोमँटिक असलं तरी पहिली शंभरेक वर्षं त्याची ओळख ‘विष’ अशीच होती. ते माणसाला लागतं हे बऱ्याच उशिरा कळलं. थायरॉइडचं काम नीट चालायला लागतं, पेशींची झीज थोपवणाऱ्या एन्झाइम्सना लागतं. किती? आपल्याकडच्या आयसीएमआरच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे २५ हजार भाग करा आणि त्यातला एक उचला, इतकंच! आणि वरची हद्द? अमेरिकेतले तज्ज्ञ ती ४०० मायक्रोग्रॅम धरतात, युरोपनं २०२३ मध्ये आणखी खाली, २५५ वर आणली. म्हणजे गरज आणि जास्त यांच्यात जेमतेम सहा ते दहा पट अंतर. मिठाचं, साखरेचं आपण रोज उन्नीस-बीस करतो. इथे तेवढी मोकळीक नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे शेगाव.

शेगावचे केस

डिसेंबर २०२४ च्या शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस हातात यायला लागले. ‘हातात यायला लागले’ हे अगदी शब्दशः. आधी डोक्याला खाज, मग विंचरताना पुंजके, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशी गावांची नावं एकेक करत टीव्हीवर आली. आपल्या ऑफिसच्या ग्रुपवरही ते व्हिडिओ फिरले होते, आठवत असतील. कोणी म्हणालं पाण्यात नायट्रेट आहे, कोणी म्हणालं बुरशी आहे, कोणी शॅम्पूलाच आरोपी केलं. मुली कॉलेजला जायला तयार नव्हत्या, ठरत आलेली लग्नं अडकली. काही आठवड्यांनी काहींची नखंही ठिसूळ होऊन गळू लागली.

मग तिथे पोचले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणातल्या विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे, २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले तेच हे डॉक्टर. त्यांनी गावकऱ्यांचं रक्त, लघवी, केस तपासायला पाठवले, आणि सोबत घरातला रेशनचा गहूही. त्यांच्या अहवालानुसार १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला होता. सेलेनियमचं प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं. गहू? किलोला १४.५२ मिलिग्रॅम. धुऊन घेतलेल्या गव्हातही १३.६१, म्हणजे सेलेनियम दाण्यावर चिकटलेलं नव्हतं, दाण्याच्या आतच होतं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून रेशन दुकानात आला होता, असं त्यांचं म्हणणं. जवळपासच्या शेतात पिकणाऱ्या गव्हाच्या तुलनेत त्यात ६०० पट सेलेनियम होतं.

इथे मी कॅल्क्युलेटर काढला. एक माणूस दिवसाला ३०० ग्रॅम गहू खातो असं धरू (गावाकडे सहज होतं). रेशनच्या त्या गव्हातून पोटात जाणार ४,३५० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ४०० ची हद्द दहापटीहून जास्त ओलांडली! आता गावातला गहू घ्या. ६०० नं भागलं तर किलोला ०.०२४ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० ग्रॅममधून सात मायक्रोग्रॅम. गरज ४० ची. बाकीचं डाळी, दूध, अंडी, मासळी यांतून येणार. पण ज्या घरात ताटात फक्त पोळी आणि पातळ भाजी, तिथे ते कुठून येणार?

बातम्यांमध्ये फक्त ‘जास्त’ची चर्चा झाली, ते साहजिकच होतं, कारण टक्कल दिसतं. ‘कमी’ची चर्चा कोणी केली नाही. पण त्याच गावात, त्याच चुलीवर दोन्ही टोकांचे गहू भाजले जात होते.

एकच दाणा, दोन मुलूख

गव्हाच्या दोन दाण्यांत इतका फरक कसा? कारण दाण्यात तेच उतरतं जे जमिनीत असतं. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांत, शिवालिकच्या डोंगरांतून वाहून आलेल्या गाळात सेलेनियम खच्चून भरलेलं आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं अनेक वर्षं त्यावर काम केलंय; तिथल्या काही गावांत म्हशींचे खूर गळतात, शिंगं वाकडी होतात, माणसांचे केस आणि नखं जातात. चीनमध्ये तर दोन्ही प्रकार घडून गेले. ईशान्येकडच्या केशान परगण्यात १९३५ मध्ये तरुण बायका आणि मुलं हृदय कमकुवत होऊन मरायला लागली. कारण निघालं मातीतल्या सेलेनियमची टंचाई. तिकडे हुबेई प्रांतातल्या एन्शीमध्ये १९६० च्या दशकात नेमकं शेगावसारखं झालं, केस आणि नखं गळाली.

आणि यात एक गोम आहे. सेलेनियम माणसाला लागतं, जनावराला लागतं, पण गव्हाला, ज्वारीला लागत नाही! झिंक कमी पडलं तर पीक तक्रार करतं, पानं पांढुरकी होतात. लोह कमी पडलं की उसावर ‘केवडा’ येतो, अख्खा पट्टा पिवळा पडतो, आणि बारामतीचा शाळकरी पोरगाही सांगेल की हिराकस मारा. सेलेनियम नसेल तर पीक हिरवंगार, कणीस टपोरं. शेतकऱ्याला कळायचं तरी कसं? २०१५ पासून आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, झिंक, लोह वगैरे. त्यात सेलेनियमचा रकाना नाही.

पानातून दाण्यात

मातीत नसेल तर पानावर फवारावं, ही कल्पना अगदी साधी. फवारणीतली मंडळी सोडियम सेलेनेट वापरतात. मीठच ते, पाण्यात सहज विरघळतं. पिकाला ते गंधकासारखं दिसतं. दोघांची ठेवण इतकी सारखी की गंधकासाठी पेशीत जे दरवाजे आहेत त्यातूनच सेलेनियम आत शिरतं. (जनरल डब्यात गर्दीबरोबर ढकललं जाऊन आत पोचल्यासारखं!) आत गेल्यावर मेथिओनीन या अमिनो आम्लात गंधकाच्या सीटवर बसतं आणि दाणा भरताना प्रथिनाबरोबर दाण्यात जातं. त्यामुळे त्याचा एक फायदा होतो. लोह आणि झिंक बरंचसं कोंड्यात राहतं आणि मैद्यात उडून जातं. सेलेनियम मात्र दाण्यात बऱ्यापैकी सगळीकडे पसरलेलं असतं. पंजाबच्या शेतकऱ्यांना जिप्सम घालायला सांगतात तेही याच नात्यामुळे. जमिनीत गंधक भरपूर झालं की दरवाज्यावर गर्दी होते आणि सेलेनियम बाहेर राहतं.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी वाढत्या गव्हाला पाण्यातून हेक्टरी १० ग्रॅम सेलेनियम दिलं. दाण्यातलं प्रमाण जवळजवळ दहापट झालं, किलोला ०.०३ मिलिग्रॅमवरून ०.३ वर. हेक्टरी १० म्हणजे आपल्या हिशोबात एकराला चार ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर! एवढ्यात एकरभर गव्हाची पोळी ‘रिकामी’ची ‘भरलेली’ होते. तोच ३०० ग्रॅमचा हिशोब लावला तर ९० मायक्रोग्रॅम, अगदी छान.

हे वाचून मला कोणालातरी विचारावंसं वाटलं, ज्याच्या पाठीवर खरोखर पंप असतो.

मामांचं झाकण

माझ्या मामांचं रान इंदापूर तालुक्यात आहे. चार एकर ऊस, दोन एकर शाळू, एक एकर गहू, आणि बांधाला एक शेळी जी कोणाचंच ऐकत नाही. जानेवारीतल्या एका शनिवारी स्वारगेटहून बारामतीची एसटी धरली आणि पुढे मामांच्या बाइकवर मागे बसून गेले. ज्यांनी हा भाग फक्त निवडणुकीच्या बातम्यांत पाहिलाय त्यांना सांगते, इथे दोन मुलूख आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालचा, ऊस आणि साखर कारखान्यांचा. आणि कालव्याच्या वरचा जिरायत, बाजरी-शाळू आणि टँकरचा. एकाच पंचायत समितीत बसणारे दोन देश. कालव्याखालच्या रानात उसाला दर चांगला म्हणून धान्य मागे पडलं, आणि ऊसवाल्याच्या घरातही गहू बरेचदा दुकानातूनच येतो. मामांचा तो एक एकर गहू म्हणजे मामींच्या हट्टाचा आहे.

फवारणीचं मात्र या भागाला काही शिकवायला नको. इथला डाळिंबवाला आणि द्राक्षवाला ऋतुभर पंप घेऊनच फिरतो. ऊस केवड्यानं पिवळा पडला तर हिराकस, द्राक्षाला झिंक-बोरॉन, सगळं पानावरून. कारणही मातीचंच. काळी, चुनखडीची जमीन, सामू आठाच्या वर. त्यात झिंक, लोह टाकलं तर चुन्याबरोबर अडकून बसतं, मुळाला मिळत नाही. पानावर मारलं की अर्धा प्रवास वाचतो.

मामा बांधावर पंप भरत होते. मी एकराला चार ग्रॅमची गोष्ट रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाटलीचं झाकण माझ्यापुढे धरलं.

‘‘हे बघ. ह्यानं मापतो आम्ही. पंपाला एक झाकण, लईच कीड असली तर दीड.’’

‘‘मामा, चार ग्रॅम एकराला. दोनशे लिटर पाण्यात.’’

‘‘मग तर काट्यावरच बसायला पायजे. आन् गडी फवारतो, मी नव्हं. तो म्हणंल, एवढुश्यानं काय होतंय, टाका अजून.’’

मामांच्या या एका वाक्यानं मी तिथेच थांबले. कारण हिशोब पुन्हा करून बघा. चारऐवजी चाळीस ग्रॅम पडले तर? प्रमाण तसंच सरळ वाढत गेलं तर दाण्यात किलोला तीन मिलिग्रॅम, आणि रोजच्या ३०० ग्रॅममधून ९०० मायक्रोग्रॅम. हद्दीच्या दुप्पट. पीक एका शब्दानं तक्रार करणार नाही. गहू टपोराच दिसेल, पोती भरतील, गाडी जाईल. कळेल ते कोणाच्या तरी कंगव्यात.

शिवाय फवारणाऱ्याचं काय? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. मास्क नाही, हातमोजे नाहीत, वाऱ्याच्या दिशेचा विचार नाही. मामांचा गडीही बनियनवरच होता. सोडियम सेलेनेट हे काही मीठ-मिरची नाही, अंगावर-नाकात जाऊन चालत नाही. ते दुकानात बाटलीतून, झाकणाच्या मापानं विकायला ठेवणं म्हणजे... वाक्य तुम्हीच पुरं करा.

फिन्सनी पंप हातात दिलाच नाही

असं करून दाखवलेला देश एकच ठळकपणे डोळ्यांपुढे येतो, फिनलंड. तिथल्या मातीत सेलेनियम फार कमी. १९८४ मध्ये सरकारनं ठरवलं की देशातल्या रासायनिक खतातच ते मिसळायचं. धान्याच्या खतात किलोला १६ मिलिग्रॅम, चाऱ्याच्या खतात सहा. शेतकऱ्यानं वेगळं काहीच करायचं नाही, पोतं फोडायचं आणि टाकायचं. मोजण्याचं काम कारखान्यात. काही वर्षांत लोकांच्या आहारातलं सेलेनियम दिवसाला ४० मायक्रोग्रॅमच्या आतून शंभरच्या वर गेलं. तेव्हा काय केलं त्यांनी? १९९० मध्ये डोस सगळीकडे सहावर आणला. मग फारच उतरतंय असं दिसल्यावर १९९८ मध्ये दहा, २००७ मध्ये पंधरा. गहू, दूध, मांस, माणसांचं रक्त, सगळं तपासत राहिले आणि आकडा बघून नळ कमी-जास्त करत राहिले.

मला या गोष्टीत खताच्या फॉर्म्युल्यापेक्षा ही चिकाटी जास्त आवडते. आपल्याकडे योजना सुरू करायला उद्‌घाटन असतं; वीस वर्षांनी डोस किलोला पाच मिलिग्रॅमनं वाढवला म्हणून कोण नारळ फोडणार?

माळेगाव खुर्दला, बारामतीच्या अगदी जवळ, राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. २००९ मध्ये मुरमाड, खडकाळ माळावर उभी राहिलेली, दुष्काळ, उष्णता, खारट जमीन यांच्यावर काम करणारी केंद्र सरकारची संस्था. सेलेनियम तिथे अनोळखी नाही. फक्त धान्यात नाही, माशात! तिथल्या शास्त्रज्ञांनी पंगॅसियस माशांच्या खाद्यात सेलेनियमचे नॅनोकण मोजून मिसळले आणि जड धातू व उष्ण पाण्याचा ताण मासे कसा झेलतात ते तपासलं. मासे टाकीत असतात, खाद्य वजन करून टाकतात, रक्त काढून बघतात. म्हणजे मोजायची अक्कल आणि यंत्रं बारामतीपासून बाइकच्या एका फेरीवर आहेत. ती टाकीतून रानापर्यंत आणणं हे वेगळं काम, त्याला माणसं आणि पैसे लागतात.

मग मामांनी काय मारायचं?

सेलेनियमची गोष्ट लांबची असेल, पण त्याच्या शेजारची एक गोष्ट आज, याच हंगामात करता येते. झिंक. भारत, चीन, तुर्कस्तान, पाकिस्तान, मेक्सिको, कझाकस्तान, झांबिया अशा सात देशांत गव्हावर झिंक सल्फेट फवारून बघितलं गेलं. २०१२ मध्ये निकाल छापून आले: दाण्यातलं झिंक किलोला २७ मिलिग्रॅमवरून ४८ वर. जमिनीत टाकलेल्या झिंकनं दाण्यात फारसा फरक पडला नव्हता. वेळ महत्त्वाची आहे. ओंब्या बाहेर पडल्यावर आणि दाणा दुधात असताना मारलं की झिंक थेट दाण्यात उतरतं. मापही मामांच्या झाकणाला झेपणारं: लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे एकराच्या दोनशे लिटरला एक किलो, आणि पान करपू नये म्हणून सोबत अर्धा किलो चुन्याची निवळी. इथे शंभर ग्रॅम इकडेतिकडे झालं तर कोणाचे केस जात नाहीत.

आणि फवारणीचीही कटकट नको असेल तर बियाण्याचा रस्ता आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेला ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सी गहू कमी पाण्यावर येतो आणि त्यात किलोला ४० मिलिग्रॅम झिंक, ४६ मिलिग्रॅम लोह असतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘धनशक्ती’ बाजरी तर २०१२ पासून आहे, आणि तिची परीक्षाही इथेच शेजारी झाली. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दोन वेळा बाजरीची भाकरी दिली. अर्ध्यांना धनशक्तीची, अर्ध्यांना साध्या बाजरीची. कोणाला कोणती हे त्यांना माहीत नव्हतं. सुरुवातीला ४१ टक्के मुलांत लोहाची कमतरता होती. ज्यांच्यात ती होती, त्यांच्यापैकी धनशक्ती खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता १.६ पट जास्त निघाली. गोळी नाही, सिरप नाही, खरपूस भाकरी. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या मिलेट-कॅफेंमध्ये क्विनोआचे बोल विकणाऱ्यांनी तो भिंतीवर लावायला हरकत नाही.

सेलेनियमला हा बियाण्याचा रस्ता फारसा उपयोगी पडत नाही. वाण कितीही हुशार असला तरी मातीत जे नाहीच ते आणणार कुठून? तिथे बाहेरून द्यावंच लागतं, आणि बाहेरून द्यायचं तर मोजणं आलं. म्हणून माझं मत विचाराल तर झिंक आणि लोह आता, सेलेनियम प्रयोगशाळा सोबत असेल तेव्हाच.

आपण शहरातले

आपला गहू मध्य प्रदेशचा, कधी पंजाबचा, कधी पॅकेटमधला. पॅकेटातल्या आट्यात शंभर गावांचा गहू एकत्र दळलेला असतो, त्यामुळे एखाद्या गावाचा अतिरेक त्यात विरून जातो. शेगावच्या लोकांना ती सोय नव्हती. एक दुकान, एका खेपेचा गहू, तीन-चार महिने तोच.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र आपणच जास्त धोक्यात आहोत. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रव सप्लिमेंटमध्ये लेबलवर लिहिलेल्यापेक्षा २०० पट सेलेनियम पडलं आणि २०१ जणांना त्रास झाला; पुन्हा तेच, केस आणि नखं. ‘सेलेनियमनं कॅन्सर टळतो’ म्हणून दिवसाला २०० मायक्रोग्रॅमची गोळी ३५ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत तपासून बघितली गेली. प्रोस्टेटचा कॅन्सर टळला नाही आणि २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. ब्राझील नट हल्ली ड्रायफ्रूटच्या दुकानात दिसतात. एकाच बीत दिवसाची गरज भागू शकते, त्यामुळे मूठभर खाऊ नका. अंडी आणि मासे खात असाल तर बहुधा तुमचं भागतंय. खात नसाल आणि थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, इन्स्टाग्रामला नाही.

भाव कशाचा?

रात्री जेवताना मामींनी शाळूची भाकरी आणि हुरड्याची उसळ वाढली. मी झिंकचं पुन्हा काढलं. मामांचा प्रश्न सरळ होता, ‘‘उतारा वाढंल का?’’

जमिनीत झिंकची फार टंचाई असेल तर वाढतो, नाहीतर नाही, हे मी खरंखरं सांगितलं. एक किलो झिंक सल्फेट, अर्धा किलो चुना आणि गड्याची हजेरी, हा खर्च त्यांचा. फायदा खाणाऱ्याच्या रक्तात. आणि खाणारा पुण्यात, त्याला हा गहू कुठला हेसुद्धा माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला बारामतीच्या बाजार समितीच्या आवारात घेऊन गेले. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, मूठभर गहू तळव्यावर पसरला, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला आणि भाव सांगितला. रंग, वजन, ओल, खडा-माती. सगळं मिळून अर्धा मिनिट. दाण्यात झिंक किती, हे त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिथे सांगणारं यंत्र नव्हतं. जोवर त्या अर्ध्या मिनिटात पोषणाचा भाव धरला जात नाही, तोवर शेतकऱ्यानं पदरचं झिंक घालून शहराला खाऊ घालावं, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते. ऊसवाल्याला निदान उताऱ्यावर पैसे मिळतात; काट्यावर वजन होतं, रसातली साखर मोजली जाते, एफआरपी त्याच हिशोबावर ठरतो. म्हणजे पिकाच्या आत काय आहे ते मोजून दर द्यायची पद्धत याच तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. फक्त ती साखरेसाठी आहे.

फेब्रुवारीत मामांचा फोन आला. गहू दुधात होता. मामींनी घरच्या एक एकराला झिंक मारून घेतलं होतं. विकायच्या शाळूला नाही, फक्त नातवंडं खातात त्या गव्हाला. चुना किती भिजवायचा ते पुन्हा एकदा विचारायला फोन केला होता.